थायलंडमध्ये निवृत्तीनंतर राहायला जाताय? पर्यटकांच्या गावात घर मांडणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

हुआ हिन, पट्टाया, च्यांग माई, फुकेत या गावांचा सगळा व्यवहार एका गृहीतावर चालतो: समोरचा परदेशी माणूस आठवड्याभरात परत जाणार. टॅक्सीचं भाडं, घराचा करार, दवाखान्यातलं बिल, शेजारच्या बाकावर जमणारी मैत्री, सगळं त्याच हिशेबाने ठरतं. इथे बारा महिने राहायचं असेल तर त्या हिशेबातून आपलं नाव काढून घ्यावं लागतं. ते कसं, एवढंच या लेखात आहे. मी हुआ हिनला राहतो, त्यामुळे उदाहरणं इकडची जास्त येतील. कायदे देशभर एकच आहेत. मात्र प्रत्येक इमिग्रेशन ऑफिसची कागदांची यादी थोडी वेगळी असते आणि अधूनमधून बदलते. इंटरनेटवरची यादी आणि त्या ऑफिसच्या खिडकीवर चिकटवलेली यादी यांत फरक पडला, तर खिडकीवरची खरी.

१. गाव निवडताना वाईट हंगामात या

डिसेंबर-जानेवारीत थायलंड बघून निर्णय घेऊ नका. त्या दोन महिन्यांत कुठलंही गाव सुंदर दिसतं. च्यांग माईला जायचं मनात असेल तर मार्चमध्ये जा. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेतातली जाळपोळ आणि जंगलातले वणवे यांचा धूर त्या डोंगरांमधल्या खोऱ्यात कोंडतो, आणि काही दिवस ते शहर जगातल्या सर्वांत खराब हवेच्या शहरांमध्ये गणलं जातं. दमा असेल, हृदयाचा त्रास असेल तर तीन महिने दुसरीकडे राहण्याचा खर्च आधीच धरावा लागतो. फुकेतला मे ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला असतो, किनाऱ्यावर लाल बावटे लागतात. थायलंडच्या आखाताच्या बाजूला पावसाचं गणित वेगळं: हुआ हिनला जोर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सामुई बेटावर त्याहून थोडा उशिरा.

पट्टाया बदनाम आहे, पण मोठी इस्पितळं, बँकॉकच्या विमानतळापर्यंत दीड-दोन तासांचा रस्ता आणि परदेशी निवृत्तांची जुनी वस्ती यांमुळे म्हाताऱ्या माणसाची सोय तिथे चांगली होते. पट्टायाला लागून असलेल्या जोमतिएनच्या बाजूला घर घेतलं की रात्रीचा गोंगाट कानावरही येत नाही. हुआ हिन बँकॉकपासून सुमारे २०० किलोमीटरवर. शनिवार-रविवारी बँकॉकवाले गाड्या काढून येतात, सोमवारी गाव पुन्हा आपलं. ज्यांना शांतता हवी आणि तरी डॉक्टर जवळ हवा, त्यांना मी हेच सुचवतो. अर्थात माझं मत पक्षपाती आहे.

२. व्हिसा: आठ लाख बाट आणि त्यांचं वेळापत्रक

वय ५० पूर्ण हवं. रस्ते मुख्यतः दोन. एक, ‘ओ-ए’ व्हिसा: हा मायदेशातूनच काढावा लागतो, एकदम वर्षभराची मुदत मिळते, पण पोलिसांचा दाखला, वैद्यकीय दाखला आणि ३० लाख बाटांचं संरक्षण देणारा आरोग्यविमा लागतो. दुसरा, ‘नॉन-इमिग्रंट ओ’: आधी ९० दिवस, मग निवृत्तीच्या कारणावर दर वर्षी स्थानिक ऑफिसात मुदतवाढ. बहुतेक जण शेवटी या दुसऱ्या रस्त्याला लागतात.

मुदतवाढीसाठी थाई बँकेत ८ लाख बाट हवेत, किंवा दरमहा ६५,००० बाट उत्पन्नाचा पुरावा, किंवा दोन्ही मिळून वर्षाला ८ लाख. बँकेतल्या पैशांची अट नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. अर्जाच्या आधी दोन महिने ही रक्कम खात्यात पडून हवी. मुदतवाढ मिळाल्यावर तीन महिने तिला हात लावायचा नाही. नंतरही वर्षभर ती ४ लाखांच्या खाली जाता कामा नये. म्हणजे हा पैसा तुमचा असला तरी खर्चायचा नाही. त्यासाठी वेगळं खातं उघडा, त्याचं एटीएम कार्ड घेऊच नका, आणि रोजच्या खर्चाचं खातं निराळं ठेवा. थायलंडमध्ये ठेवींना प्रत्येक बँकेमागे १० लाख बाटांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, त्यामुळे आठ लाखांची काळजी करायचं कारण नाही.

नवरा-बायको दोघं असाल तर प्रत्येकाचे आठ-आठ लाख लागतातच असं नाही. एकाने निवृत्तीवर मुदतवाढ घेतली की दुसऱ्याला अवलंबून असलेला जोडीदार म्हणून अर्ज करता येतो. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला साक्षांकित आणि भाषांतरित लागतो. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या पुष्कळ जोडप्यांकडे मंगल कार्यालयाची पावती असते, नोंदणीचा दाखला नसतो. तो निघण्याआधीच काढून घ्या.

प्रत्यक्ष अर्जाचा दिवस असा जातो. सकाळी बँक उघडताच जायचं, खात्यात शंभर बाट भरायचे, म्हणजे पासबुकावर आजची तारीख छापली जाते; काल छापलेलं पासबुक चालत नाही. त्याच खिडकीवर बँकेचं शिलकीचं पत्र घ्यायचं. मग इमिग्रेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पासपोर्टचं पहिलं पान, व्हिसाचं पान, शेवटच्या प्रवेशाचा शिक्का, पासबुकाची सगळी पानं, घराचा करार, मालकाच्या ओळखपत्राची प्रत, आणि घरापर्यंतचा हाताने काढलेला नकाशा. प्रत्येक प्रतीवर निळ्या शाईने सही. तिथली दुकानदारीण कुठलं पान राहिलं हे अर्जदाराआधी ओळखते, तेव्हा तिच्याशी हुज्जत घालू नका. अर्जाचा फॉर्म टीएम ७, शुल्क १,९०० बाट. नंबर येईपर्यंत पुस्तक वाचायचं. खिडकीपलीकडच्या बाईंसमोर आवाज चढवला तर काम त्या दिवशी होत नाही, एवढं खात्रीने सांगतो.

आठ लाख बाट नसताना ‘आम्ही कागद करून देतो’ म्हणणारे एजंट प्रत्येक पर्यटनगावात आहेत. ते तात्पुरते पैसे खात्यात दाखवतात आणि काढून घेतात. पकडले गेलात तर एजंट हात वर करतो आणि पासपोर्ट तुमचा असतो. फॉर्म भरायला, रांगेत उभं राहायला एजंट घेतला तर हरकत नाही. पैशाच्या पुराव्यासाठी नको.

३. कॅलेंडरवर टाकायच्या तारखा

मुदतवाढ मिळाली म्हणजे सुटलो असं नाही. दर ९० दिवसांनी पत्त्याची हजेरी द्यावी लागते: टीएम ४७. शुल्क नाही. तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत स्वतः जाऊन देता येते, ऑनलाइनही होते. उशीर झाला आणि आपण होऊन गेलात तर दंड २,००० बाट. देशाबाहेर जाऊन आलात की ९० दिवस नव्याने मोजायचे. लक्षात ठेवा, या हजेरीने राहण्याची मुदत वाढत नाही. पावतीवरची तारीख ही पुढच्या हजेरीची, व्हिसाची नव्हे. दोन्ही तारखा पासपोर्टमध्येच असल्याने घोटाळा सहज होतो.

दुसरं, टीएम ३०. परदेशी माणूस घरात राहायला आल्याची खबर घरमालकाने २४ तासांत द्यायची असते. जबाबदारी मालकाची, पण ती पावती नसली तर काम अडतं तुमचं. म्हणून घर ठरवतानाच मालकाला विचारा, ‘टीएम ३० कराल ना?’ जो मालक हा प्रश्न ऐकून इकडेतिकडे बघतो, त्याचं घर घेऊ नका.

तिसरं, लग्नकार्याला घरी जाण्याआधी ‘री-एंट्री परमिट’. एकदाचं १,००० बाट, अनेकदाचं ३,८००. ते न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं की वर्षाची मुदतवाढ तिथल्या तिथे संपते आणि परत पहिल्यापासून सुरुवात. मोठ्या विमानतळांवरही ते मिळतं, पण आजारी नातेवाइकाकडे धावत निघालेल्या माणसाला तिथे ते सुचत नाही. अनेकदाचं परमिट मुदतवाढीच्या दिवशीच काढून टाका.

परत येताना टीडीएसी हे डिजिटल आगमनपत्र प्रवासाआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे आणि फुकट आहे. कुठलंही संकेतस्थळ त्यासाठी पैसे मागत असेल तर ते बनावट समजून बंद करा. मुदत उलटून राहिलात तर दिवसाला ५०० बाट, कमाल २०,००० दंड; ९० दिवसांच्या वर गेलात तर देशबंदीही.

४. घर: पहिलं वर्ष भाड्याचंच

पर्यटनगावात घराला दोन भाव असतात, हंगामी आणि वार्षिक. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घर शोधायला निघालात की महिन्याच्या भाड्यात पर्यटकांचा भाव आत शिरतो. मे-जूनमध्ये या, महिनाभर एखाद्या साध्या जागेत राहा, आणि पायी फिरून ‘भाड्याने देणे आहे’च्या पाट्या बघा. चांगली घरं अजूनही इंटरनेटवर न येता फाटकावरच्या पाटीवरून जातात. साधारणपणे दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एका महिन्याचं आगाऊ भाडं मागतात.

करारात भाड्याइतकीच महत्त्वाची ओळ विजेची. सरकारी वीज युनिटला चार बाटांच्या आसपास पडते. मालक किंवा इमारतीचं ऑफिस स्वतः मीटर वाचून सात-आठ बाटांनी बिल लावत असेल तर एप्रिलच्या उकाड्यात दोन एसी चालवून भाड्याची सगळी बचत निघून जाते. वीज मंडळाचं बिल थेट घरी येतं का, एवढं विचारा. घर ताब्यात घेताना प्रत्येक भिंतीचा, गाद्यांचा, एसीचा व्हिडिओ काढून मालकाला त्याच दिवशी लाइनवर पाठवा. इथे सगळा व्यवहार लाइन या ॲपवर चालतो, आणि डिपॉझिट परत मिळताना तो व्हिडिओ कामाला येतो.

म्हातारपणाच्या दृष्टीने बघायच्या गोष्टी दलाल दाखवत नाहीत. न्हाणीघराच्या फरश्या ओल्या झाल्यावर किती निसरड्या होतात, लिफ्ट बंद पडली तर कितव्या मजल्यापर्यंत चढवेल, पावसात गल्लीत पाणी तुंबतं का, मागच्या बाजूला बार आहे का. शेवटच्या दोन गोष्टी पाऊस पडून गेल्यावर आणि रात्री अकरा वाजता जाऊन स्वतः बघायच्या.

विकत घ्यायचंच असेल तर परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही. फ्लॅट घेता येतो, पण इमारतीतल्या एकूण विक्रीयोग्य क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते, आणि पैसे परकीय चलनातून आल्याचा बँकेचा कागद लागतो. थाई माणसांच्या नावे कंपनी काढून बंगला घेण्याची युक्ती अजूनही कानात सांगितली जाते. ती बेकायदा आहे, आणि त्यावर कारवाया होत असतात.

५. पैसा: इकडे आणि मायदेशी

आठ लाख बाट म्हणजे वीस लाख रुपयांच्या वर. भारतात निवासी असताना ही रक्कम पाठवलीत तर ती उदारीकृत प्रेषण योजनेखाली जाते: माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा, पण आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, तरी तोवर पैसे अडकतात. निम्मी रक्कम मार्चमध्ये आणि निम्मी एप्रिलमध्ये पाठवली की दोन आर्थिक वर्षं होतात, आणि दहा लाखांच्या वरचा भाग थोडाच उरतो. आधी दोन महिने खात्यात ठेवण्याची अट असल्याने हे गणित अर्जाच्या तारखेपासून उलटं मांडायला लागतं.

कायमचं राहायला आलात की भारतातली बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची खाती, करून घ्यावी लागतात. भारतातलं सिमकार्ड मात्र रोमिंगसह जिवंत ठेवा. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. तो नंबर बंद पडला की पेन्शन आहे आणि हात पोचत नाही अशी अवस्था होते. हयातीचा दाखला नोव्हेंबरात: मोबाइलवरच्या जीवन प्रमाण ॲपने चेहरा दाखवून देता येतो, नाही जमलं तर भारतीय वकिलातीत. वकिलात बँकॉकला आहे, उत्तरेतल्यांसाठी च्यांग माईला वाणिज्य दूतावास आहे.

कराचंही एक बघा. कॅलेंडर वर्षात १८० दिवस थायलंडमध्ये राहिलात की तुम्ही इथले कर-निवासी. १ जानेवारी २०२४ पासून, त्या तारखेनंतर कमावलेलं परदेशी उत्पन्न इथे आणलं तर ते करपात्र धरलं जातं. भारत-थायलंड दुहेरी करटाळणी करार आहे. पेन्शन कुठल्या प्रकारची त्यावर पुढचं अवलंबून, तेव्हा एकदा सनदी लेखापालाकडे पैसे खर्च करा आणि जुन्या बचतीचा २०२३ अखेरचा शिलकीचा कागद जपून ठेवा.

रोजच्या खर्चाला परदेशी कार्ड एटीएममध्ये घालाल तर दर वेळी २२० बाटांच्या आसपास शुल्क जातं. मशीन ‘रुपयांत हिशेब करू का’ विचारतं. नाही म्हणा, बाटमध्येच घ्या. थाई खातं झालं की बाजारातल्या भाजीवालीपासून सगळीकडे क्यूआर चालतो.

६. प्रकृती

भारतातला मेडिक्लेम बहुधा भारतातल्या उपचारांनाच लागू असतो. आधी पॉलिसी उघडून बघा. इथला विमा सत्तरीनंतर नव्याने मिळणं अवघड आणि आधीचे आजार वगळलेले, म्हणून घ्यायचा तर लवकर. माझ्या ओळखीचे बरेच जण असं करतात: अचानक उद्भवलेल्या दुखण्यापुरता विमा इथला, आणि गुडघा, मोतीबिंदू अशी ठरवून करायची शस्त्रक्रिया मायदेशी. भारतातली पॉलिसी त्यासाठी चालू ठेवावी लागते. ती बंद करून हप्ता वाचवण्यात शहाणपणा नाही.

खासगी इस्पितळ चकचकीत असतं, दुभाषे असतात, आणि दाखल करून घेण्याआधी पैशांची हमी मागतात. पर्यटकाकडे दुसरा पर्याय नसतो, रहिवाशाकडे असतो. गावातल्या सरकारी इस्पितळात एखादं साधं दुखणं घेऊन पहिल्या दोन-तीन महिन्यांतच जा आणि पासपोर्ट दाखवून नोंदणी करून कार्ड घ्या. परदेशी माणसाला तिथेही दर जास्त असतो, पण खासगीपेक्षा पुष्कळ कमी. सकाळी सातला रांग लागते. बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी जादा शुल्कात तेच डॉक्टर बघतात, ती वेळ विचारून घ्या.

औषधांची यादी करताना ब्रँडचं नाव लिहू नका, औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहा. भारतातली ब्रँडची नावं इथल्या औषधवाल्याला काही सांगत नाहीत. झोपेच्या, चिंतेच्या आणि तीव्र वेदनेच्या काही गोळ्या इथे नियंत्रित आहेत. आणण्याआधी परवानगीचा नियम बघा आणि डॉक्टरचं पत्र सोबत ठेवा. पाकिटावरची मुदत वाचताना साल बौद्ध पंचांगातलं असू शकतं: २५७० म्हणजे २०२७. नुसतं ‘७०’ छापलेलं असलं तरी दचकू नका.

डासांचा डेंग्यू आणि गल्लीतली कुत्री, या दोन गोष्टी पर्यटकांच्या माहितीपत्रकात नसतात. कुत्रा चावला, नुसता ओरखडा आला तरी जखम साबणाने भरपूर धुऊन त्याच दिवशी लस. रेबीजच्या लशीत थायलंडचं काम मोठं आहे. कमी मात्रेत कातडीत टोचण्याची थाई रेडक्रॉसची पद्धत जगभर वापरली गेली. तेव्हा लस मिळेल का ही चिंता नको.

रुग्णवाहिका १६६९, पोलीस १९१, पर्यटन पोलीस ११५५. पर्यटन पोलिसांकडे इंग्रजी बोलणारं माणूस मिळतं. स्वतःचा पत्ता थाई लिपीत लिहून फ्रिजवर चिकटवा. फोनवर घाबऱ्या आवाजात गल्लीचं नाव सांगून गाडी पोचत नाही.

७. रस्ता, बाजार, बोलणं

गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे आपल्याला वाटतं की जमेल. पण थायलंडच्या रस्त्यांवर मरणाऱ्यांमध्ये मोठा वाटा दुचाकीस्वारांचा आहे, आणि साठीनंतर भाड्याची स्कूटर हा मला तरी वेडेपणा वाटतो. चालवायचीच असेल तर दुचाकीचा वैध परवाना आणि हेल्मेट हवं. परवान्याविना अपघात झाला तर विमा कंपनी हात झटकते. इमिग्रेशनकडून रहिवासाचा दाखला आणि डॉक्टरचा दाखला घेऊन थाई परवाना काढता येतो, पहिला दोन वर्षांचा, मग पाच वर्षांचा. तो खिशात असला की पासपोर्ट घरी ठेवता येतो, आणि काही ठिकाणी स्थानिकांचा दरही मिळतो. खाओ याई राष्ट्रीय उद्यानात परदेशी माणसाला ४०० बाट, थाई माणसाला ४०. परवाना दाखवून कमी करतील का हे खिडकीवरच्या माणसाच्या मर्जीवर. नाही म्हणाला तर भांडू नका.

सॉन्गथेव म्हणजे मागे दोन बाकं टाकलेली पिकअप गाडी. पट्टायात ती ठरलेल्या मार्गावर फिरते. चढायच्या आधी भाडं विचारलंत की तुम्ही पर्यटक ठरलात आणि ती गाडी टॅक्सी झाली. गुपचूप बसायचं, उतरायच्या जागी घंटी दाबायची, ठरलेलं भाडं हातावर ठेवायचं. बाजारातही तेच. सकाळचा बाजार गाठा, रात्रीचा पर्यटकांसाठी आहे. भाव कधी किलोचा असतो, कधी ‘खीद’चा, म्हणजे शंभर ग्रॅमचा, पाटी नीट न वाचता किलोभर झिंगे तोलून घेतले की दहापट बिल बघून डोळे पांढरे होतात. थाई अंक शिकायला एक दुपार पुरते. लिपी नाही आली तरी अंक यायलाच हवेत.

शाकाहारी मंडळींनी पिवळ्या झेंड्यावरचं लाल ‘जे’ अक्षर ओळखायला शिकावं. तिथे मांस, मासे, अंडी, दूध, इतकंच काय कांदा-लसूणही नसतो. इतर ठिकाणी ‘भाजी’ मागवली तरी त्यात माशाचा सॉस असण्याची शक्यता धरूनच चाला.

बोलण्यात एकच पथ्य: आवाज चढवायचा नाही. प्लंबर तीन दिवस आला नाही तरी. इथे चारचौघांत चिडणाऱ्या माणसाचीच अब्रू जाते. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला सार्वजनिक जागी राष्ट्रगीत लागलं की थांबून उभं राहायचं. राजघराण्याबद्दल गमतीतही टिप्पणी नको, फेसबुकवरही नको. दंड संहितेच्या कलम ११२ खाली ३ ते १५ वर्षं कैद आहे. ई-सिगारेटवरही बंदी आहे, नातवंडं भेटायला येणार असतील तर त्यांना आधीच सांगा.

८. वेळ घालवणं, आणि त्यातले कायदे

मार्च आला की युरोपातले निम्मे शेजारी परत जातात. नव्याने आलेल्यांना हे पहिल्या वर्षी जड जातं: डिसेंबरात रोज संध्याकाळी चहाला असलेली मंडळी एप्रिलमध्ये नसतात. म्हणून बारमाही राहणाऱ्यांशी, आणि शक्य तितकं थाई शेजाऱ्यांशी, ओळख पावसाळ्यातच करा. गावातल्या देवळाच्या आवारात, सकाळी उद्यानात हातवारे करत व्यायाम करणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गटात कुणी पासपोर्ट विचारत नाही.

काम मात्र करायचं नाही. निवृत्तीच्या मुदतवाढीवर नोकरी-धंद्याला बंदी आहे, आणि विनामोबदला सेवेलाही परवाना लागू शकतो. भारतीय माणूस दिसला की योग शिकवाल का, आमच्या हॉटेलात एक दिवस डाळ कराल का, अशी विचारणा हमखास होते. हसून नकार द्या. मित्राच्या घरी त्याला एकट्याला सूर्यनमस्कार दाखवणं वेगळं, वर्ग घेणं वेगळं.

पत्त्यांचं तर ऐकाच. इथल्या कायद्यानुसार १२० पेक्षा जास्त पत्ते जवळ बाळगायला परवानगी लागते, म्हणजे तीन कॅट झाले की गुन्हा. फेब्रुवारी २०१६ मध्ये पट्टायात ब्रिज खेळणाऱ्या ३२ परदेशी लोकांना पोलिसांनी धरलं, त्यांत बहुतेक म्हातारे. पैसे लावलेले नव्हते, तरी रात्री उशिरापर्यंत चौकीत बसावं लागलं. रमीचा अड्डा घरी जमवायचा तर एका टेबलापुरता ठेवा आणि टेबलावर पैसे दिसू देऊ नका.

९. शेवटची कागदपत्रं, पहिल्याच वर्षी

हा भाग लोक टाळतात आणि मग त्रास जोडीदाराला होतो. मुदतवाढीचं बँक खातं बहुधा एकट्याच्या नावावर असतं. माणूस गेला की ते गोठतं, आणि वारसाला कोर्टातून व्यवस्थापक नेमून घ्यावा लागतो. थायलंडमधल्या मालमत्तेपुरतं वेगळं मृत्युपत्र इथे करा: लेखी, तारखेसह, दोन साक्षीदारांसमोर एकाच वेळी सही. साक्षीदार किंवा त्याचा जोडीदार लाभार्थी असता कामा नये. यात एक मेख आहे. भारतातल्या मृत्युपत्रात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ असं छापील वाक्य असतं. नंतर केलेल्या मृत्युपत्रात ते तसंच राहिलं तर आधीचं थाई मृत्युपत्रही रद्द ठरू शकतं. दोन्ही वकिलांना दोन्ही कागद दाखवा.

अखेरच्या आजारात नळ्या-यंत्रं नकोत असं वाटत असेल तर २००७ च्या राष्ट्रीय आरोग्य कायद्याच्या १२व्या कलमात तशी लेखी इच्छा नोंदवण्याची सोय आहे. प्रत इस्पितळाच्या फायलीत लावून घ्या.

घरी मृत्यू झाला तर आधी पोलिसांना कळवायचं, २४ तासांत जिल्हा कार्यालयात नोंद, तिथून मृत्यूचा दाखला, मग वकिलातीला कळवून पासपोर्ट रद्द करणं आणि देह ताब्यात मिळण्यासाठी पत्र. दहन करायचं असेल तर जवळच्या बौद्ध देवळात दाहिनी असते आणि परधर्मीयांना सहसा नाही म्हणत नाहीत. इथेच दहन करून अस्थी नेणं हे देह विमानाने नेण्यापेक्षा फार स्वस्त आणि सोपं पडतं. मुलांशी याबद्दल फोनवर नको, ती भेटायला आली असताना समोर बसून बोला.

हे सगळं एका पाकिटात ठेवा: पासपोर्टची प्रत, विम्याचा क्रमांक, दोन्ही मृत्युपत्रं कुठे आहेत ते, बँकेचं नाव, वकिलाचा आणि मुलांचा फोन, घरमालकाचा फोन. पाकिटावर थाई आणि इंग्रजी दोन्हींत नाव. ते कुलपात ठेवू नका. कुठे आहे हे घरमालकाला आणि एका बारमाही शेजाऱ्याला माहीत हवं. पासपोर्ट नवा झाला की आतली प्रत बदला, आणि त्याच आठवड्यात इमिग्रेशनमध्ये जाऊन जुन्या पासपोर्टवरचे शिक्के नव्यावर उतरवून घ्या.